ताईची दाढ, माझं भाषण

३ मार्च, सकाळी ७
परिषदेच्या भाषणाची सुरुवात सुचली: "दंतवैद्य मित्रांनो! दाढ काढून 'आता तीन महिने थांबा' म्हणताना पेशंटचा पडलेला चेहरा आपण सगळ्यांनीच पाहिलाय. किती वर्षं पाहायचा?" इथे टाळ्या. मग घोषणा: दाढ काढा, त्याच बैठकीत इम्प्लांट बसवा! भाषण २५ तारखेला. एक ताजी केस तेवढी हवी.

५ मार्च
मिळाली. थोरल्या बहिणीची खालची दाढ उभी चिरली. ताई म्हणाली, तू म्हणशील तसं, मला काय कळतंय त्यातलं.

६ मार्च, दुपारी
दाढ अखंड निघाली. मुळांच्या मधल्या हाडात लगेच इम्प्लांटचा स्क्रू पिळला. ते घट्ट बसलं की पिळायचा पाना ३५ च्या आकड्याला खटकन अडतो. अडला नाही. पंधरालाही नाही. गरगर फिरला. असिस्टंट बाई म्हणाल्या, सर, काढून थांबायचं का? म्हटलं, बाई, भाषणाचं नावच 'थांबू नका' आहे.
केसपेपरवर ३५ लिहिलं. पाना जुना झालाय. आकडा तत्त्वतः बरोबर आहे.

९ मार्च
ताईचा फोन. हलतंय का रे ते? म्हटलं, तुझ्या मनात हलतंय. त्या बाजूने चावू नकोस म्हणून दटावलं. ठणकावून बोललं की खरं वाटतं. मलासुद्धा.

१८ मार्च
एक्स-रेत इम्प्लांटभोवती काळी रेघ, हाडाने धरलं नाही की दिसते तशी. बाईंना म्हटलं, अँगल चुकला. परत काढला. परत चुकला.

२४ मार्च
ताई आली. इम्प्लांट डबीत. जेवताना हातात आलं म्हणे. मी तोंड उघडायच्या आत तीच रडकुंडीला: माझंच चुकलं रे, एखाद्या वेळी त्या बाजूने चावलं असेल. उद्या तुझं भाषण आणि मी हे असं. कुणाला सांगत नाही हं.
मी मोठ्या मनाने 'असू दे' म्हणालो.
रात्री भाषणात कबुली घालायचं ठरवलं.

२५ मार्च, संध्याकाळी ७
कबुली वेळेत बसली नाही. पहिल्या दिवसाचा एक्स-रे दाखवला. सभागृह उठून उभं राहिलं. दुसऱ्या रांगेत ताई. सुजलेल्या गालावरचा रुमाल तिने मांडीवर ठेवला, दोन्ही हातांनी टाळ्या वाजवता याव्यात म्हणून.
वक्ते महाशय, आता श्रोता एकच उरलाय. बुटाची नाडी नंतर सोडा. आधी ताईला फोन लावा आणि सांगा: तुझ्या चावण्याने निघालं नाही, पाना अडलाच नव्हता.