शिट्टीच्या आधी की नंतर

बाबा,

परवा माझ्या हाताखाली काम करणाऱ्या मुलीनं मला एक प्रश्न विचारला आणि उत्तर देता देता माझं बोलणं मध्येच थांबलं. ती नवी वकील आहे, अंबाल्याची. आदल्या संध्याकाळी टीव्हीवर एका सामन्यात चेंडू पार दुसऱ्या टोकाला असताना एकानं दुसऱ्याच्या तोंडावर कोपर मारलं होतं. जबडा मोडला. मारणाऱ्याला चार सामने बाहेर बसवलं, संपलं. ती म्हणाली, "मॅम, हेच सेक्टर सतराच्या मार्केटमध्ये झालं असतं तर तासाभरात एफआयआर झाली असती. मैदानात झालं की गुन्हा कुठे जातो?" मी नेहमीचं सांगायला लागले. खेळायला उतरणारा माणूस थोडंफार लागण्याला संमती देऊनच उतरतो; दंडसंहितेत तलवारबाजीचं उदाहरणही आहे; पण मुद्दाम केलेल्या जबर इजेला ती संमती पुरत नाही; मुद्दाम होतं हे सिद्ध करणं अवघड, साक्षीला कोणी येत नाही. इथपर्यंत आले. तुम्ही दिसलात. पांढरा शर्ट, उन्हानं मिटलेले डोळे आणि ओठांत धरलेली शिट्टी.

बाबा, तुम्हाला जाऊन तीस वर्षांहून जास्त झाली. त्या सामन्याबद्दल आपण शेवटचं बोललो त्याला त्याहून जास्त. तुम्ही आठवडाभर सरकारी कचेरीत नकाशे काढायचे आणि रविवारी हॉकीचे अंपायर व्हायचे. कामठीच्या छावणीच्या मैदानावर शिकलेला खेळ तुम्ही चंदीगडपर्यंत आणला होता. आई म्हणायची, "या माणसाला बदलीत मैदान मिळालं की घर नाही मिळालं तरी चालते." आपलं क्वार्टर दोन खोल्यांचं. आई त्या पंजाबी भाजीवाल्याकडे सांबार मागायची आणि तो दर वेळी सांगायचा, "बीबी जी, सांभर तो मद्रासी होटल में मिलेगा." मग ती कोथिंबिरीच्या जुडीकडे बोट दाखवायची. आपण हसायचो. पंजाब दहशतवादानं पेटला होता, ती वर्षं हसण्याची नव्हती, तरी हसायचो. चौकाचौकात वाळूची पोती होती, त्यांच्यामागे बंदुका. बसमध्ये चढलं की आधी सीटखाली वाकून बघायचं. अंधार पडायच्या आत घरी यायचं, नाहीतर आई फाटकाशी उभी असायची.

तो सामना हिवाळ्यातला होता, दुपारचा. मी पायऱ्यांवर दुसऱ्या रांगेत बसले होते. मांडीवर पुराव्याच्या कायद्याचं पुस्तक होतं, कारण आठ दिवसांनी माझी परीक्षा होती. दोन खात्यांचे संघ. सगळे खेळाडू खेळासाठीच नोकरीला लागलेले. सही करायला ऑफिसात जायचे आणि उरलेला दिवस मैदानावर. एका संघात जवळच्याच खरड गावचा एक फॉरवर्ड होता, चपळ, बारीक, सारखा हसणारा. दुसऱ्या संघाचा फुलबॅक उंच सरदार, तरनतारनकडच्या गावातला. खरडवाला त्याला तीनदा चकवून गेला होता आणि तिसऱ्यांदा काहीतरी बोलला होता. काय, ते मला ऐकू आलं नाही. शेवटची दहा मिनिटं राहिली असताना तुमच्या बाजूच्या डीजवळ, गोलसमोरच्या अर्धवर्तुळाजवळ, चेंडू फुलबॅकच्या पायाला लागला. तुम्ही शिट्टी वाजवली. सगळे थांबले. खरडवाल्यानं हात वर केला आणि तो तुमच्याकडे वळला. आणि फुलबॅकनं स्टिक खांद्यापर्यंत उचलून फिरवली.

आवाज फार मोठा नव्हता. मग खरडवाला गवतावर बसला, पडला नाही, बसला, आणि दोन्ही हात डोळ्यावर धरून म्हणाला, "दिसत नाही. दिसत नाही." पंजाबीत म्हणाला, पण मला ते आता मराठीतच ऐकू येतं. तुम्ही धावलात. फुलबॅक तिथेच उभा होता, स्वतःच्या स्टिककडे बघत. तुम्ही त्याला बाहेर काढलंत, कार्डही नीट दाखवता आलं नाही तुम्हाला. खरडवाल्याचा डावा डोळा त्याच रात्री गेला.

पुढचा आठवडा मी विसरू शकत नाही, कारण माझ्या ज्युनिअरला हवं असलेलं सगळं उत्तर त्या आठवड्यात होतं. दुसऱ्या दिवशी मैदानाच्या ऑफिसात दोन्ही संघांचे मॅनेजर बसले. तुम्ही घरी येऊन आईला सांगितलंत ते मी ऐकलं. ज्याच्या खेळाडूचा डोळा गेला होता तो मॅनेजरच म्हणत होता, पोलिसात नको, दोनों अपने ही लड़के हैं. का? तर त्याच्याच एका खेळाडूनं गेल्या वर्षी कोणाची तरी बरगडी मोडली होती. आज यांच्यावर केस केली तर उद्या आपल्यावर होईल. फुलबॅकवर दोन वर्षांची बंदी घालायचं ठरलं, त्यानं हॉस्पिटलात जाऊन पाय धरले, आणि सगळ्यांच्या मते प्रकरण मिटलं. राहिला होता फक्त तुमचा रिपोर्ट. इजा घडली ती शिट्टीच्या आधी की नंतर, एवढंच तुम्हाला लिहायचं होतं. आधी असेल तर खेळ चालू होता, चेंडूवर मारताना लागलं. नंतर असेल तर खेळ थांबला होता, आणि मग ती हॉकी नव्हती, मारहाण होती.

गुरुवारी खरडवाल्याचा मोठा भाऊ आला. ट्रॅक्टर दुरुस्त करणारा माणूस, नखांत काळं ग्रीस, हातात पगडीच्या कापडात बांधलेले हॉस्पिटलचे कागद. तो ठाण्यात जाऊन आला होता. तिथल्या मुन्शीनं, ठाण्याच्या कारकुनानं, त्याला म्हटलं होतं, "यहाँ रोज़ लाशें आ रही हैं और तू हॉकी लेकर आया है?" आईनं चहा दिला, तो त्यानं घेतला नाही. तुमच्यासमोर हात जोडून म्हणाला, "साहब जी, आपने जो देखा वो लिख दो. बस. मैं और कुछ नहीं माँगता." तुम्ही म्हणालात, "जो देखा है वही लिखूँगा." मी दारात उभी होते. मला तुमचा इतका अभिमान वाटला, बाबा. तो गेल्यावर तुम्ही मला विचारलंत, "कायद्यात काय आहे गं?" मी ऐटीत सगळं सांगितलं. तुम्ही नकाशावर वाकता तसे वाकून ऐकत होतात. म्हणालात, "म्हणजे एका शब्दावर आहे सगळं." मी म्हटलं, "हो. 'नंतर' लिहा. कोणीही तुम्हाला खोटं पाडू शकणार नाही."

शनिवारी सकाळी जीप आली. तिच्यातून उतरलेला अधिकारी मुन्शीसारखा नव्हता. इस्त्रीचा गणवेश, हळू आवाज, आईला "माताजी" म्हणणारा. बरोबर दोन शिपाई, ते बाहेर तुळशीच्या कुंडीजवळ बंदुका घेऊन उभे राहिले. ठाण्यात कोणाला नको असलेली केस आता त्याला हवी होती. तुम्ही गोंधळून विचारलंत, आता का? तो म्हणाला, "इस फुलबैक लड़के का चचेरा भाई डेढ़ साल से फ़रार है. हमें लड़के से बहुत सी बातें करनी हैं. आप बस एक लाइन लिख दीजिए कि सीटी बज चुकी थी. बाकी हम देख लेंगे." तुम्ही विचारलंत, "बात करने के बाद घर भेजोगे ना?" तो हसला. चहा पूर्ण प्यायला आणि कप स्वतः उचलून आईच्या हातात दिला.

त्या दिवसांत आपल्या मागच्या गल्लीतल्या गुरुद्वाऱ्याच्या ग्रंथीच्या भाच्याला पोलिसांनी असंच बोलायला नेलं होतं. ग्रंथी अजूनही रोज ठाण्याच्या पायरीवर जाऊन बसायचा.

तुम्ही रविवारी दुपारी रिपोर्ट लिहिलात, ड्रॉइंगच्या पेनानं, एकसारख्या अक्षरात. मी खांद्यावरून वाचला. इजा खेळाच्या ओघात, शिट्टीच्या आधी. मी ओरडले. "तुम्ही त्याच्या भावाला शब्द दिला होता!"

"दिला होता," तुम्ही म्हणालात.

"मग हे खोटं आहे."

"आहे."

"काहून बाबा? त्याचा डोळा गेला!"

तुम्ही पेनचं टोक पुसत होतात. "माझ्या एका ओळीवर तो पोट्टा घरी परत येते का नाही हे ठरणार असेल, तर ती ओळ मी लिहीत नाही."

"आणि दुसऱ्याच्या डोळ्याचं काय? त्याला कोण विचारणार?"

"त्याचं उत्तर माझ्यापाशी नाही," तुम्ही म्हणालात. आई आतून म्हणाली, पुरे आता, पानं घेतली आहेत. आणि मी ते बोलले. मी म्हणाले, "तुम्ही भ्यालात. जीप बघून भ्यालात आणि आता मोठेपणा दाखवताय." तुम्ही माझ्याकडे बघितलंत, रागानं नाही. म्हणालात, "असंही असेल." आणि हात धुवायला उठलात.

खरडवाल्याचा भाऊ पुन्हा एकदा आला, सोमवारी. आत आला नाही. फाटकातूनच म्हणाला, "आप तो पढ़े-लिखे हो जी," आणि निघून गेला. एवढंच बोलला. त्यानंतर तुम्ही कधी मैदानावर गेला नाहीत. रविवारी सकाळी अंगणात बसून वर्तमानपत्र वाचायचात, आणि मी तुमच्याशी कामापुरतं बोलायचे. चौथ्या वर्षी तुमची नागपूरला बदली झाली. मी इथेच राहिले, लग्न केलं, वकिली सुरू केली. बदलीनंतर सहा महिन्यांत आईचा फोन आला, तुम्ही गेल्याचा. तुम्हाला मी शेवटचं जे पत्र पाठवलं त्यात गॅसच्या कनेक्शनचा कागद मागितला होता.

बारा-तेरा वर्षांपूर्वी खरडवाला माझ्या ऑफिसात आला. दुकानाच्या भाडेकरूचं भांडण होतं. मी त्याला डोळ्यावरून ओळखलं, हसण्यावरून तर नक्कीच. मी कोण ते त्याला माहीत नव्हतं. कागद बघता बघता मी विचारलं, डोळ्याला काय झालं? तो सहज म्हणाला, "हॉकी में लगी थी जी. हो जाता है." मी म्हटलं, केस नाही केली? "केस करता तो टीम में कौन रखता? नौकरी कहाँ रहती? बाबू बना दिया दफ़्तर में, बच्चे पल गए." मग मी न विचारता तो म्हणाला, "वैसे सीटी बज चुकी थी. अंपायर ने झूठ लिखा. मराठी आदमी था. मेरा भाई मरते दम तक उसको गाली देता रहा."

"आणि तुम्ही?" मी विचारलं.

त्यानं नुसता हात हलवला. मग त्यानं सांगितलं, की फुलबॅकला पुढच्याच उन्हाळ्यात नेलं. कोणत्याही केसविना, शेतातून. निदान गावात तसं म्हणतात. काही जण म्हणतात तो त्याआधीच बाहेर निघून गेला, परदेशात ट्रक चालवतो. खरडवाला पुष्कळ वर्षांनी त्याच्या गावी गेला होता. म्हणाला, "उसकी माँ ने रोटी खिलाई. बोली, बाहर गया है. फोटो लगी थी दीवार पर. हार नहीं था. पर चिट्ठी भी कोई नहीं थी, मैंने पूछा था."

बाबा, मी त्या रात्री तुमच्यावर पुन्हा चिडले. तुमचं खोटं कोणाच्याच कामी आलं नसेल तर? एकाचा डोळा गेला, दुसऱ्याचा जीव कदाचित तसाही गेला, आणि मधे तुमची ती एक सुबक ओळ. आणि मग उलटंही वाटलं. ती ओळ नसती तर फुलबॅकला तो एक हिवाळा तरी मिळाला असता का? अजून कधी कधी मला तो दिसतो, स्वतःच्या स्टिककडे बघत उभा असलेला. त्यानं गुन्हा केला होता. मी वकील आहे, मी दुसरं काही म्हणणार नाही. पण गुन्ह्याची शिक्षा द्यायला जो आला होता त्याला त्या डोळ्याशी काही देणंघेणं नव्हतं, हेही मी बघितलं होतं. माझ्या ज्युनिअरला हे कसं सांगायचं मला कळत नाही. तिला मी म्हटलं, उद्या बोलू.

एक राहिलं. हे आईलाही माहीत नव्हतं. तुमचा रिपोर्ट गेल्यानंतर तीन दिवसांनी तो अधिकारी परत आला होता. तुम्ही कचेरीत होतात, आई शेजारी भरतकाम शिकायला गेली होती. मी ओसरीत होते. त्यानं टोपी काढली आणि म्हणाला, "बेटा, आप भी तो मैच में थीं. लॉ पढ़ती हैं. सीटी पहले बजी थी या बाद में?" तुम्हाला खोटारडे म्हणून तीन दिवस तुमच्याशी न बोललेली मी. मला सगळं स्पष्ट दिसलं होतं, वर केलेला त्याचा हातसुद्धा. मी म्हणाले, "मैंने नहीं देखा. मैं किताब पढ़ रही थी."

मला त्या फुलबॅकचा जीव वाचवायचा होता असं तुम्हाला लिहावंसं वाटतं. पण तसं नव्हतं. तो माझ्या डोक्यातच आला नव्हता. मला फक्त ती जीप आपल्या दारातून निघून जायला हवी होती. आणि तुमच्याशी मी त्यानंतरही दोन महिने बोलले नाही.