टीव्हीला मारू नये

अहो,

तुमचा एकवीस इंची टीव्ही मी फोडला. परवा रविवारी, भर दुपारी, वरवंट्याने. उद्या तुमचं वर्षश्राद्ध. जमलेल्यांपैकी कुणीतरी तुमच्या फोटोपुढे उभं राहून चुगली करेलच, त्याआधी मीच सांगून टाकते.

तुम्ही असतात तर काय केलं असतंत, ते मला ठाऊक आहे. हे लिहितानाही माझा हात आपोआप उजव्या गालाकडे गेला बघा!

तुम्ही गेलात त्याच आठवड्यात तो सेट बंद पडला. परंदवडीचे तुमचे चुलतभाऊ भेटायला आले होते. म्हणाले, "वैनी, भाऊच्या मागं सेटनंबी मान टाकली." मी म्हटलं, कंडेन्सर गेला असेल. इतकी वर्षं तुमच्यासाठी आरसा धरून उभी राहिले, एवढं तर मला कळणारच ना?

तो आरसा आठवतो? झाकण काढून तुम्ही सेटच्या मागे बसायचात आणि पडद्यावर काय येतंय ते तुम्हाला दिसावं म्हणून मी पुढून आरसा धरायची. तुमच्या उजव्या हातात स्क्रू ड्रायव्हर, डावा हात कायम पँटच्या खिशात. "दोन्ही हात आत घातले की करंट छातीतून जातो, शालन. म्हणून एक हात खिशात." लग्नानंतर पहिल्याच महिन्यात तुम्ही हे समजावलंत. किती मायेने समजावलं होतंत! तो हात खिशात असेपर्यंत मीही निर्धास्त असायची. आरसा जरा हलला की तो बाहेर यायचा.

आणि सेटवर मात्र केवढा जीव तुमचा! सोमाटण्याकडचे एक आबा टेंपोत सेट घालून तळेगावला आपल्या दुकानात आले होते. "लागंना म्हनून दोन थपडा हानल्या, भाऊ. तरीबी न्हाई लागला." तुम्ही असे भडकलात की आबा दोन पावलं मागे सरकले. "मुका जीव आहे तो, आबा! मारून कुणी बरं होतं का?" दुसऱ्याच दिवशी तुम्ही पत्र्यावर लाल रंगाने पाटी लिहिलीत, 'टीव्हीला मारू नये'. ती उन्हात वाळत घातली मीच. त्या दिवशी माझा ओठ फुटलेला होता. दिसला नव्हता का हो तुम्हाला?

लोणावळ्याच्या बंगल्यातला तो एकोणतीस इंची सेट तरी आठवतो ना? घरात एकट्या म्हाताऱ्या बाई होत्या. तुम्ही ते धूड एकट्याने छातीशी धरून दोन मजले खाली आणलात आणि टेंपोत मागे त्याला धरून बसलात, धक्का लागू नये म्हणून. तीन दिवस तो काही केल्या चालू होईना. चौथ्या दिवशी पडद्यावर एक पांढरी रेघ आली, आणि नेमकी मला शिंक आली. आरसा हातातून सुटला. तुम्ही सेटला वळसा घालून आलात. माझ्या उजव्या कानात एक बारीक शिट्टी वाजायला लागली, ती आजही वाजतेय. त्या कानाने दुसरं काहीच ऐकू येत नाही.

संध्याकाळी तुम्ही माझ्या कानात कोमट तेल घालत रडत बसलात. मीच तुम्हाला गप्प केलं. लोकांना सांगितलं की लहानपणी विहिरीत पोहताना कानात पाणी गेलं होतं. आपला सचिन तेव्हा अकरावीत, दुकानातच होता. त्याने सगळं डोळ्यांनी पाहिलेलं, तरी त्यालाही मी तेच सांगितलं. त्याने मान डोलावली. ही चूक माझी, ती मी तुमच्यावर ढकलत नाही.

पण आज एकदाच अरेतुरे करते. का मारायचास रे मला? बिघडलेल्या सेटपुढे तू महिना महिना धीर धरून बसायचास. माझ्या एका शिंकेपुरता धीर नव्हता तुझ्याकडे?

असो. रविवारचं सांगते.

वर्षश्राद्धाला अण्णांचा सेट चालू पाहिजे, असं सचिनच्या मनात आलं. आता कुणी असले सेट बघतं का? पण कंपनीला सुट्टी होती, बसला सकाळपासून मागचं झाकण उघडून. डावा हात खिशात, अगदी तुमच्यासारखा. मी उंबऱ्याशी तांदूळ निवडत होते आणि मला भरून आलं. खोटं कशाला सांगू, अभिमान वाटला. पुढे आरसा धरून अश्विनी उभी होती, तुम्ही न पाहिलेली आपली सून. लग्नाला वर्ष व्हायचंय पोरीच्या.

सेट मधूनच लागायचा, मधूनच जायचा. सचिनचा पारा चढत होता. तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली, अश्विनीने मान वळवली आणि आरसा हलला.

डावा हात खिशातून बाहेर आला.

फाडकन आवाज आला. अश्विनी रडलीसुद्धा नाही. गालाला हात न लावता तिने आधी आरसा सरळ धरला. अहो, मी अगदी असंच करायची!

मी उठले. आधी प्लग काढला, शेवटी तुमचीच बायको मी. मग आत जाऊन वरवंटा आणला. पुढची काच जाड असते, तिच्यावर मारून काही व्हायचं नाही. पिक्चर ट्यूबची मागची मान नाजूक, हे तुम्हीच शिकवलंत. मी मानेवर घातला. सूंऽऽ करून हवा आत गेली. तरी माझं मन भरेना. दुसरा घाव, तिसरा, चौथा. काचा उडाल्या, माझं मनगट कापलं, तांदळात रक्त सांडलं. मला थांबायचंच नव्हतं. त्या सेटच्या जागी मला कोण दिसत होतं, ते तुम्ही ओळखा.

"आई, वेड लागलं का तुला? अण्णांचा सेट होता तो!" सचिन ओरडला.

"सेटला लागलेलं दिसलं तुला? आणि हिला लागलेलं?"

"एकच तर मारली."

"त्यांनीसुद्धा पहिल्यांदा एकच मारली होती," मी म्हटलं. "आणि विहिरीत माझ्या कानात पाणीबिणी गेलं नव्हतं. तुला माहीत आहे."

वरवंटा अजून माझ्या हातात होता आणि माझ्या पोटच्या पोराने दोन्ही हातांनी डोकं झाकून घेतलं. तरी मी त्याला जवळ घेतलं नाही.

मनगटाला फडकं बांधलं आणि अश्विनीला तिच्या माहेरी, बेगडेवाडीला, घेऊन गेले. गाडीत ती माझ्या उजव्या बाजूला बसून हळूच काहीतरी बोलत होती. मी म्हटलं, "इकडे ये बाई, त्या कानाने ऐकू येत नाही." मग तिला सगळं सांगितलं. तिने एवढंच विचारलं, "मग तुम्ही का नाही गेलात, आई?" तुम्हाला सुचतंय का याचं उत्तर?

तिच्या आईला घडलं तसं सांगितलं. काल सचिनने विचारलं, कधी आणायचं तिला. मी म्हटलं, ते ती ठरवेल, आणि यायचं नाही म्हणाली तरी मी तिच्याच बाजूने.

आज सकाळी दुकानात जाऊन तुमची पाटी काढून आणली. तुमच्याच स्क्रू ड्रायव्हरने पहिला शब्द खरवडला. हट्टी रंग होता, दुपार झाली. आता घरात शिरताना समोरच तुमच्या अक्षरात दिसतं, 'मारू नये'. उद्या तुमचा फोटोही तिच्याखालीच ठेवणार आहे. जेवायला येणाऱ्यांनी वाचावं, सचिनने रोज वाचावं, आणि तुम्हीही वाचा.

पानावर तुमच्या आवडीची अळूवडी असेल. तुमच्यावर जीव होता माझा. अजून आहे, त्याचाच राग येतो.

तुम्हाला शब्द देते. या घरात पुन्हा कुणाचा हात बाईवर उठला, तर मी सेटवर थांबणार नाही.

तुमची,
शालन