ओढ्यावरून येऊ नकोस

कुरेसू,
११ फेब्रुवारी

चि. साल्मे हिस, एंडेलचे अ. उ. आ.

वास्त्लाच्या सणाला, मंगळवारी, ओढ्यावरून स्की करत एकटी येते म्हणतेस. येऊ नकोस. सत्तरी उलटली, अक्कल कधी यायची? वळणावरचा बीव्हरांचा बांध फुटला, असं पोस्टमन सांगत होता. पाणी खाली उतरलंय आणि बर्फ अधांतरी राहिलाय. वरून पांढराशुभ्र, आत पोकळ. दोन्ही अंगांना दलदल. हाक मारलीस तर ऐकणार कोण, लव्हाळी?

माझं खुब्याचं हाड जुळलं. डॉक्टरीणबाई म्हणतात, चाला, स्की करा. त्यांना काय जातंय म्हणायला? पुन्हा पडलो तर? मी आपला घरातल्या भट्टीजवळच्या बाकावर शेकत बसून असतो. आमचा तार्मो त्याच मंगळवारी माझं सामान भरायला खोकी घेऊन येणार आहे. बाकावरच बसायचं तर शहरात, प्यार्नूला माझ्या घरी बसा, म्हणतो. लेकाचं घर चौथ्या मजल्यावर, साल्मे. खिडकीतून समोरच्यांच्या वाळत घातलेल्या विजारी दिसतात. झोप लागत नाही बघ.

चौथीत शाळा सुटलेल्या भावाचं एवढं तरी ऐक. लोभ आहे, तो पाण्यात बुडवू नकोस.

एंडेल

लेपा,
१३ फेब्रुवारी

ती. दादास, साल्मेचा शि. सा. न.

येणार म्हणजे येणार. सकाळी गाईचं आटोपलं की निघते. पाठीवरच्या पिशवीत साय भरलेले पाव असतील, म्हणजे बुडाले तरी उपाशी बुडणार नाही. वास्त्लाला जो लांब घसरतो त्याचं जवस उंच वाढतं, असं आई म्हणायची. घरात बसलेल्याचं काय वाढतं ते तुझ्या कमरेच्या पट्ट्याला विचार.

अडवायचं असेल तर वाटेत येऊन अडव. पत्राने मी अडत नाही.

तुझी हट्टी, तरी लाडकी,
साल्मे

लेपा,
१८ फेब्रुवारी

ती. दादास, शि. सा. न.

काल तोंड फिरवून गेलास. पण सूप दोनदा घेतलंस आणि वाटाणे कच्चे आहेत म्हणालास, तेव्हा राग फार नसावा. खरं तेच पुन्हा लिहिते. मी निघणारच नव्हते. स्की माळ्यावरून काढल्यासुद्धा नव्हत्या. खिडकीशी बसून होते, दादा येतो की नाही या धाकधुकीत. मग लव्हाळ्यांमागून तुझी टोपी दिसली. काठीने बर्फ ठोकत, माझ्या नावाने बोंबलत येत होतास. हसू आणि रडू एकदमच आलं. काल म्हणाले तेच आजही म्हणते: "दादा, तू भीतीने बसतोस आणि भीतीनेच उठतोस. मी फक्त जरा मोठी भीती दाखवली."

पण पोचलास ना? खुब्याच्या काळजीत गाईला दोनदा चारा घातला. दोन ओळी टाक, रागाच्या असल्या तरी चालतील.

साल्मे

कुरेसू,
२० फेब्रुवारी

चि. साल्मे हिस, अ. उ. आ. (द्यायचे नव्हते, पण दिले.)

पोचलो. खुबा दुखतो, पण जागेवर आहे. तू केलंस ते बरं केलं नाहीस. बांधापर्यंत गेलो तरी बर्फावर तुझा माग नाही. म्हटलं, पलीकडच्या अंगाने येताना गेली ही खाली. काठी मारली तर बर्फ ढोलासारखा वाजला. मग काठावरच्या गवतातून वळसा घातला. एवढं शांत होतं की माझाच श्वास दुसऱ्या कुणाचा वाटायचा. पायाला काही झालं होतं हे तुझ्या अंगणात येईपर्यंत आठवलंच नाही. हे तुला सांगणार नव्हतो.

परतलो तर तार्मो पायरीवर बसलेला, शेजारी खोकी. दाराला झाडू टेकवून गेलो होतो, म्हणजे घरी कोणी नाही हे शेंबडं पोरही समजेल. पण शहरात राहून हा विसरला. विहिरीत डोकावून आला म्हणे. दारापासून ओढ्याकडे गेलेल्या स्कीच्या रेघा दिसल्या, तरी त्याचा विश्वास बसेना. मी विचारलं, खोक्यांत काय आणलंस? रिकामी आहेत, म्हणाला. मग बटाटे भर आणि घेऊन जा, असं सांगितलं. भरून नेले.

रविवारी येतो. वाटाणे आदल्या रात्री भिजत घाल. आणि तू बर्फावर पाऊल टाकू नकोस, बांध अजून फुटलेलाच आहे.

लोभ वाढवू नकोस, आहे तेवढाच झेपेना.

एंडेल