दिवे खाली

६ नोव्हेंबर
आलो एकदाचा कडेगावात! कारखान्यात शेतकी अधिकारी म्हणून आजच रुजू झालो. रंगुबाईंच्या घराची वरची खोली मिळाली आहे. खिडकी थेट कराड रस्त्याच्या वळणावर उघडते; येणारी प्रत्येक गाडी आधी माझ्या तोंडावर उजेड टाकते आणि मग वळते. बायकोला, वल्लरीला, फोनवर सांगितलं, तर म्हणाली, पडदा लाव. महिनाअखेरीस ती वाईहून स्वतः गाडी चालवत येणार, तोवर चूल माझ्याच गळ्यात. पहिल्याच पिठल्याने अब्रू घेतली.

८ नोव्हेंबर
इथे दिवे डीम करायचं कुणी नावच घेत नाही. सगळे आपले अपरवर. मी काही गरीब गाय नाही; कराडला जाऊन माझ्या गाडीच्या टपावर एलईडीचा लांबलचक पट्टा बसवून आणला. समोरच्याने डोळ्यात उजेड मारला की आपणही मारायचा, जशास तसं. आज एक ट्रॅक्टरवाला कपाळाला हात लावून जागीच थांबला. मजा आली.

रंगुबाईंना पटलं नाही. दिवाळी झाली, आता मेंढरं कोकणाकडं निघत्यात, जरा दमानं घ्या म्हणाल्या. म्हटलं, मेंढरांना सांगा दमानं घ्यायला.

११ नोव्हेंबर
आज एकाची खोड मोडली. ओढ्याच्या पुलाजवळ समोरून एक पिकअप आली आणि अपर-डिपर, अपर-डिपर सुरू. कुणाला दाखवतो हा? पट्टा लावला आणि शेवटपर्यंत बंद केला नाही. मी पुढे गेल्यावर मागे काहीतरी धडधडलं. कठड्याला घासली असेल. घासू दे.

१२ नोव्हेंबर
पिकअप ओढ्यातून रस्त्यावर चढणाऱ्या मेंढरांत घुसली होती. कळप हाकणारा ज्योतिबा जागच्या जागी गेला. पिकअपवाला पप्पू दवाखान्यात एकच बोलतोय, समोरनं उजेड आला आन् कायच दिसंना.

रंगुबाईंनीच सांगितलं, की इकडे रस्त्यात मेंढरं असली की गाडीवाले समोरच्याला दिव्यांची उघडझाप करून सावध करतात. म्हणजे तो माझी खोडी काढत नव्हता.

मला कसं कळणार? मी वाईचा. आणि मी कुणाला धक्कासुद्धा लावलेला नाही. आता पट्टा काढला तर उगाच लोक विचारतील.

१५ नोव्हेंबर
गावात असा पट्टा माझ्याच गाडीला आहे. सकाळी ज्योतिबाची बायको अंजना गाडीपाशी उभी होती. रडत नव्हती, त्याचीच जास्त भीती वाटली. म्हणाली, "ह्योच का त्यो उजेड, सायेब? माझ्या मालकाला शेवटाला ह्योच दिसला. तुमच्या माणसालाबी दिसू द्या."

मी ओरडून हाकललं तिला. नंतर बघतो तर सगळ्या दिव्यांना भंडारा फासलेला. हातानेच पुसून काढला. डोळे चुरचुरायला लागले, म्हणून त्याच हातांनी चोळले.

१७ नोव्हेंबर
डोळ्यांची आग आग होते आहे. बुबुळांभोवती पिवळं कडं आलंय. डॉक्टर म्हणाले, हळद गेली असेल, आणि थेंब दिले.

संध्याकाळपासून वीज नाही. तरी मला लिहिता येतंय. वहीवर दोन पांढरे गोल पडलेत. मान हलवली की तेही हलतात.

१८ नोव्हेंबर
खिडकीत उभा होतो. खालून जाणारा मोटरसायकलवाला डोळ्यांवर हात धरून ओरडला, "दिवं खाली घे की रं!" खोलीत दिवा नव्हता.

रंगुबाई चहा घेऊन वर आल्या. माझ्याकडे बघितलं आणि कप सोडला. काय दिवं लावलंत वं सायेब, एवढंच म्हणाल्या आणि भावाकडे निघून गेल्या. घरात मी एकटा. घाबरून वल्लरीला फोन केला. म्हटलं, आजच्या आज ये, मला घेऊन जा.

रात्री
पापण्या मिटत नाहीत. फडकं बांधलं, घोंगडं गुंडाळलं — उजेड आरपार जातो.

रस्त्यापलीकडे अंजना बसली आहे. तिच्यामागे मेंढरं. चिरडलेली, तरी उभी. माझ्याच उजेडात त्यांचे डोळे चमकतात. ती वाट बघतेय. माझी नाही — आत्ता कळलं — माझी नाही —

वल्लरीला येऊ नको म्हणून फोन लावतोय. उचलत नाही. गाडी चालवताना ती कधीच उचलत नाही.

वळणावर गाडी. तिचीच. दिवे खाली घेतलेले. ती नेहमी घेते.

भिंतीकडे तोंड केलं. मान आपोआप फिरते — खिडकीकडे —

अंजना उठली. मेंढरं रस्त्यावर घालतेय.

वल्लरी उघडझाप करतेय. पुन्हा. मला सांगतेय — खाली घ्या — घेतो गं, घेतोय — होत नाही —

तिचा चेहरा पांढराफटक दिसतोय. कपाळाला हात — हात नको लावूस, स्टिअरिंग धर, वल्ल