पेन्सिलीच्या नोंदी

अकोला,
दि. ७ मार्च २०२५

गीतांजली शेखर काळमेघ हीस,

नावाआधी ‘कै. सौ.’ लावण्याची रीत आहे. माझा हात धजला नाही. येथील क्षेमसमाचार मुद्दाम कळवत नाही.

काल अमरावतीस, तू स्वीय सहायक होतीस त्या संस्थेत जाऊन आलो. तेरवीच्या दुसऱ्याच दिवशी अध्यक्ष खुशालरावांचा फोन आला होता. सांत्वनासाठी असेल, असे वाटले. ते म्हणाले, “भाऊ, लय वाईट झालं. पन एकवीस तारखेची मिटिंग बाईनं किती वाजता धरली, काई सांगतलं काय तुमाले? डायरी कपाटात हाये, अन् किल्ल्या बाईच्या पर्समंदी.”

चार संचालक, चार मोबाइल. परंतु उद्या आपण कोठे असणार, हे तुझ्याशिवाय एकालाही ठाऊक नव्हते. त्यांतील नितेश साहेब मोठ्या कौतुकाने म्हणाले, “बाई होत्या तवा आमी घड्याळच नाई पायलं.” मी म्हणालो, “आता पाहा.” त्यानंतर मला कोणी चहा विचारला नाही.

तुझ्या पर्समधल्या किल्लीने कपाट उघडून तुझी रोजनिशी वाचली. चौघांच्या बैठका चार रंगांच्या शाईत. तुझी स्वतःची कामे पेन्सिलीने. तुमच्या शिपाई माणिकबाई म्हणाल्या, “मी इचारलं होतं, पेन्सिल काहून? तं म्हने, खोडाले सोपी जाते.”

‘डॉक्टर, छातीची तपासणी.’ नोव्हेंबरपासून चार वेळा लिहिलेले, चार वेळा खोडलेले. तीन ठिकाणी वर साहेबांच्या बैठका चढल्या आहेत. वरूड, नागपूर, पुन्हा वरूड. ती वही खुशालरावांच्या टेबलावर आपटण्यासाठी मी उचललीसुद्धा.

चौथी नोंद अठरा डिसेंबरची. तिच्यावर जांभळ्या शाईत लिहिले आहे : ‘ह्यांचा सेवानिवृत्ती सत्कार, अकोला, चार वाजता.’

जांभळी शाई कोणत्याही संचालकाची नाही.

त्या सकाळी चहा देताना तू विचारले होतेस, “मी नाही आले तर चालेल का? आज डॉक्टरांची वेळ मिळाली आहे.” मी म्हणालो, “लोक काय म्हणतील? डॉक्टर कोठे पळून जात नाहीत.” तेरवीला आलेल्या एकाही माणसाला मी हे सांगितलेले नाही. अठरा डिसेंबरनंतर वहीत पेन्सिलीची एकही नोंद नाही.

तुझाही राग येतो, गीतांजली. चौघांच्या वेळा तू भांडून राखल्यास. माझ्याशी एकदा भांडायचे होते. छातीत दुखते, हे एकदा शाईने लिहायचे होते.

खुशालरावांना सुनावण्यासाठी अकोल्याहून निघताना जे पाठ केले होते, त्यातला एकही शब्द मला उच्चारता आला नाही. ‘एकवीस तारीख, अकरा वाजता,’ एवढेच त्यांना वाचून दाखवले.

तुझ्या जांभळ्या शाईचा,
शेखर गोवर्धन काळमेघ

ता. क. रोजनिशी कपाटात परत ठेवली. दुपारी चार वाजता तुझ्या खोलीला कुलूप लावले आणि दोन्ही किल्ल्या माणिकबाईंच्या हाती सोपवल्या.