पाठवणारा मी, घेणारा मी

१२ ऑक्टोबर, सकाळ
आर्वोचा फोन. बोलताना दम लागत होता. मोठा भाऊ असल्यामुळे आधी माझ्या गुडघ्याची चौकशी केली, मग स्वतःच्या फुप्फुसांचं सांगितलं. डॉक्टर आता औषध बदलत नाहीत म्हणे. मी म्हटलं, चांगलंच आहे, म्हणजे आहे ते लागू पडतंय. 

मग मुद्दा निघाला. वडिलांची रायफल. एक वर्ष त्याची, एक वर्ष माझी, हा नेम वडील गेल्यापासून मोडलेला नाही. पंधरा नोव्हेंबरला हरणांचा हंगाम उघडतो, त्याच्या आदल्या संध्याकाळी ती मिशिगनच्या जंगलातल्या आमच्या खोपटात खुंटीवर टांगलेली असलीच पाहिजे. गेल्या हंगामात माझी पाळी होती, म्हणून ती इथे ॲरिझोनात माझ्या कपाटात आहे. यंदा त्याची पाळी.

आर्वो म्हणाला, "वर्न्या, हा हंगाम मला चुकवायचा नाही. पुढचं काही सांगता येत नाही."

मी शब्द दिला. रायफल वेळेच्या आत पोचेल.

"आणि तू?" म्हणाला. मी म्हटलं, आधी रायफलचं मार्गी लावू.

१३ ऑक्टोबर
संकल्प: आठ दिवसांत काम फत्ते. जन्मभर विजेच्या खांबांवर चढलेल्या माणसाला एक पार्सल काय जड?

ऐली म्हणते, ट्रकमध्ये टाक आणि निघ, तीन दिवसांचा तर रस्ता. लग्नाला इतकी वर्षं झाली, तरी माझ्या बायकोला गोष्टी सुटसुटीत करता येत नाहीत. गुडघा आहे. टायर आहेत. शिवाय कुरियर नावाची गोष्ट कशासाठी असते?

१६ ऑक्टोबर
कुरियरच्या ऑफिसात गेलो. काउंटरवरच्या पोराला शांतपणे सांगितलं, लांब रायफल आहे, रिकामी आहे, माझी स्वतःची आहे. तो म्हणाला, आम्ही फक्त परवानाधारक दुकानदारांकडूनच बंदुका घेतो. मी त्याला बंदुकीचा हक्क देणारी राज्यघटना समजावून सांगितली. ती त्याने पूर्ण ऐकून घेतली आणि म्हणाला, पुढचे कोण?

दुसऱ्या कंपनीत गेलो. तिथेही नन्नाचा पाढा. इथल्या बाईंनी राज्यघटना अर्ध्यात थांबवली.

हात हलवत परत. खरं म्हणजे ही नुसती पाहणी होती.

१९ ऑक्टोबर
डुएन पेट्रोस्कीच्या बंदुकांच्या दुकानात गेलो. बरा माणूस आहे, पण ग्राहकाला बोलू देत नाही. तो म्हणाला, मी पाठवतो तिकडच्या दुकानदाराला, एकदम कायदेशीर. तिकडे तुमच्या भावाने स्वतः दुकानात यायचं, ओळखपत्र दाखवायचं, फॉर्म भरायचा, चौकशी होऊ द्यायची, मग रायफल त्याची.

आर्वोला आता बाथरूमपर्यंत जाताना भिंत धरावी लागते. दुकान त्याच्या घरापासून तासाभरावर. आणि "रायफल त्याची" म्हणजे काय? ती दोघांची आहे. मी देत नाहीये, पाठवतोय. डुएनला हा फरक समजावून सांगायला बराच वेळ लागला.

शेवटी तो म्हणाला, "तुम्हीच घेऊन जा ना. पेटीत घाला, कुलूप लावा, ट्रकच्या मागे ठेवा. कायदा कुठे आड येतोय?"

मी गुडघ्याचं सांगितलं. तो माझ्या गुडघ्याकडे बघत राहिला. असल्या माणसाशी धंदा कसा करायचा?

२३ ऑक्टोबर
सापडलं! मी स्वतः शोधून काढलं, कोणाच्या मदतीशिवाय. (डुएनने फोन करून कुठे बघायचं ते सांगितलं होतं, पण वाचलं मीच.)

टपालाने जाते. शिकारीला दुसऱ्या राज्यात जाणारा माणूस आपली रायफल आपल्याच नावे पाठवू शकतो, तिकडच्या कोणाच्या तरी हवाली. पाठवणारा वर्न कोस्केला, घेणारा वर्न कोस्केला, मार्फत आर्वो कोस्केला. दुकानदार नको, आर्वोला कुठे जायला नको. असा तोडगा वकिलालाही सुचला नसता.

एक बारीकशी अट आहे. पार्सल मालकानेच उघडायचं. औपचारिकता.

२४ ऑक्टोबर
ऐलीला सगळं समजावलं. तिने एकच विचारलं, "मग उघडायला तू जाणार?"

मी म्हटलं, आर्वो उघडेल, त्याच्या स्वयंपाकघरात कोण बघायला बसलंय? ती हसायला लागली. म्हणाली, आर्वो?

मान्य. आर्वो वन्यजीव खात्यात वॉर्डन होता. एकदा परवान्याचा बिल्ला नसलेलं हरीण माझ्या ट्रकमध्ये सापडलं, तेव्हा त्याने सख्ख्या भावाला दंड ठोकला आणि त्याच संध्याकाळी माझ्याकडे जेवायला आला. वर रश्श्यात मीठ कमी आहे म्हणाला. पण निवृत्त झाल्याला किती वर्षं झाली. माणूस मऊ होतो.

२८ ऑक्टोबर
मिशिगनचा परराज्यातल्या शिकाऱ्याचा परवाना ऑनलाइन काढला. महाग. पण आता मी कागदोपत्री तिकडे जाणारा शिकारी आहे, म्हणजे सगळं सचोटीचं. ऐलीने परवाना पाहिला आणि माझा लोकरी कोट माळ्यावरून काढून उन्हात टाकला. कोटाला ऊन चांगलंच.

३ नोव्हेंबर
उशीर झाला हे खरं, पण पॅकिंग घाईत करायची गोष्ट नाही. पहिला खोका आखूड निघाला. दुसऱ्यात दस्ता हलत होता. तिसरा परिपूर्ण. रायफल गुंडाळताना आर्वोची आद्याक्षरं दिसली, दस्त्यावर लहानपणी कोरलेली. त्यासाठी वडिलांनी मला मारलं होतं, कारण आर्वोने माझं नाव सांगितलं होतं. थोडा वेळ खोका तसाच उघडा ठेवून बसलो. पाठ दुखत होती.

४ नोव्हेंबर
टपाल कार्यालय. मोठी रांग. माझी पाळी आल्यावर मी स्पष्ट आवाजात सांगितलं की यात रायफल आहे. मागची रांग एकदम सैल झाली. काउंटरवर योलांडा बुस्तामांते म्हणून बाई होत्या. म्हणाल्या, "काका, मला ऐकू येतं. अख्ख्या गावाला नका सांगू." मग साहेबांना विचारायला आत गेल्या. तेवढ्या वेळात माझा शर्ट पाठीला चिकटला. नाही म्हणाल्या तर पुढे रस्ताच नव्हता.

परत आल्या. चालेल म्हणाल्या. रिकामी आहे ना? हो. काडतुसं नाहीत ना? नाही. सहीशिवाय तिकडे देणार नाहीत. उत्तम.

"आणि उघडणार तुम्ही स्वतः. म्हणजे तुम्ही जाणार."

"अर्थात," मी म्हटलं.

त्यांनी शिक्का मारला. हे खोटं नव्हतं. तत्त्वतः मी जाणारच आहे.

७ नोव्हेंबर
ट्रॅकिंग: पार्सल शिकागोजवळ. काल तिथेच होतं. ऐलीला म्हटलं, काळजीचं कारण नाही, आणि पुन्हा बघितलं.

८ नोव्हेंबर
अजून शिकागोजवळ. देव पाण्यात घालून बसलोय. वडिलांची रायफल कुठल्या तरी गोदामात, कोणत्या तरी पट्ट्यावर. हरवली तर आर्वोला काय सांगू? त्याचा फोन आला होता, मी बाथरूममध्ये आहे असं ऐलीला सांगायला लावलं. तिने सांगितलं, "आर्वो, तो माझ्यासमोर उभा आहे आणि बाथरूममध्ये आहे म्हणतोय."

९ नोव्हेंबर
रविवार. पार्सल हललेलं नाही. चर्चमधून आल्यावर ट्रकचे टायर बघितले. सहज. पुढचे दोन झिजल्यासारखे वाटले. ऐलीने चष्मा लावून बघितले, म्हणाली नवे आहेत, उन्हाळ्यात टाकलेत.

११ नोव्हेंबर
पोचलं!!! आज माजी सैनिक दिनाची सुट्टी म्हणून टपाल बंद असेल असं वाटलं होतं, पण पार्सल काल संध्याकाळीच पोचलं, आर्वोची सही आहे. मी जिंकलो. दोन कुरियर कंपन्या, एक दुकानदार आणि माझी बायको, सगळ्यांना पुरून उरलो.

लगेच फोन लावला. आर्वोचा आवाज बारीक झालाय. मी म्हटलं, उघड, तेल दे, आणि आल्मरला सांग खोपटात टांगायला. आल्मर म्हणजे त्याचा शेजारी.

"टेबलावर ठेवलंय," आर्वो म्हणाला. "उघडायला तू येशील तेव्हा उघडू."

मी हसलो. तो हसला नाही. मी म्हटलं, आर्वो, कोण बघतंय? म्हणाला, "मी बघतोय ना."

सुंभ जळला तरी पीळ जात नाही. फोन ठेवला आणि टायर पुन्हा बघून आलो. रागाने.

१२ नोव्हेंबर, सकाळी
हिशेब केला. आज निघालो तर चौदाला संध्याकाळी पोचतो. म्हणजे अजून घाई नाही. आज दुपारी निघालो तरी चालेल.

१२ नोव्हेंबर, संध्याकाळी
हवामान बघितलं. आयोवात बर्फाची शक्यता. अशा वेळी निघणं म्हणजे बेजबाबदारपणा. ऐलीने दोन बॅगा भरल्यात. भांडण झालं. ती म्हणाली, "ताकाला जाऊन भांडं लपवू नकोस, वर्न. भीती वाटते तर वाटते म्हण." मी म्हटलं, बर्फाची भीती कोणालाही वाटते. ती म्हणाली, मी बर्फाचं बोलत नाहीये.

१३ नोव्हेंबर
आयोवात बर्फ पडला नाही. हवामान खात्याचा काही भरवसा नाही. टायर पुन्हा तपासले. आता निघून तरी वेळेत पोचणार नाही, त्यामुळे प्रश्न आपोआप मिटला. आर्वोला माझ्या वतीने लेखी परवानगी पाठवू का, असं विचारायला टपाल कार्यालयात गेलो. योलांडाबाई मला बघून म्हणाल्या, "काका, तुम्ही अजून इथेच?"

बाहेर येऊन ट्रकमध्ये बसून राहिलो.

१४ नोव्हेंबर
आल्मरचा फोन. आर्वोने हट्ट धरला म्हणून त्याला खोपटात नेलंय, ऑक्सिजनच्या नळकांड्यासकट, पार्सलसकट. खुंटीखाली पार्सल उभं करून ठेवलंय. दार लावू देत नाही म्हणे. ट्रक आला तर आवाज ऐकू आला पाहिजे.

ऐलीने विमानाचं तिकीट काढलं, एकटीचं. मला विचारलं होतं. मी टायरचं बोलायला लागलो, तेव्हा तिने बटण दाबलं.

१५ नोव्हेंबर
हंगाम उघडला. फोन केला नाही. तो जंगलात असणार, तिथे रेंज नसते.

(रेंज असते. टेकडीवर टॉवर झालाय, माझ्यासमोरच उभा राहिला.)

१७ नोव्हेंबर
ऐली पोचली. आर्वो आता हॉस्पिटलमध्ये. पंधराला सकाळी खोपटाच्या दारात बसून होता, घोंगडी घेऊन, हातात काही नाही. आल्मरने स्वतःची बंदूक पुढे केली तर म्हणाला, राहू दे, यंदा नुसतं बघतो. एक मोठा नर अगदी समोर येऊन थांबला होता म्हणे. आर्वोने त्याला मान लवून नमस्कार केला. ऐली आणि आल्मरने हे मला फोनवर हसत सांगितलं. मी पण हसलो.

संकल्प: उद्या नक्की. टायर उत्तम आहेत.

१९ नोव्हेंबर
गुडघा.

२१ नोव्हेंबर, दुपार
दाराची बेल. टपालवाला. माझी सही पाहिजे म्हणाला. मी ओळखपत्र दाखवलं, सही केली, खोका आत घेतला. तोच खोका, माझी चिकटपट्टी शाबूत. पाठवणारा मी, घेणारा मी, आणि बाजूला आर्वोच्या जाड वॉर्डनी अक्षरात: घेणारा आलेला नाही. परत.

राग आला. इतका खटाटोप, इतके दिवस, आणि हा माणूस आल्मरला टपालात धाडून परत पाठवतो? हॉस्पिटलमध्ये फोन लावला. ऐलीने उचलला. मी म्हटलं, त्याला दे. ती म्हणाली, बोलवत नाही त्याला, पण ऐकतोय, काय विचारायचं ते मला सांग.

मी विचारलं, परत का पाठवली?

तिकडे बराच वेळ कुजबुज. मग ऐली म्हणाली, "तो म्हणतो, पुढच्या वर्षी पाळी तुझीच आहे. आणि त्याच्या पुढच्याही. उगीच दोनदा टपालखर्च कशाला?"

ऐलीने विचारलं, ऐकतोयस ना? मी म्हटलं, हो, मिळाली म्हणून सांग. नीट पोचली, सही केली म्हणून सांग.

नियमाप्रमाणे खोका मीच उघडला. रायफल कपाटात ठेवली, पुसली, परत ठेवली. मला बर्फाची भीती नव्हती, टायरची नव्हती. आर्वोचा चेहरा बघायची होती. ट्रकच्या किल्ल्या टेबलावर आहेत. मी अजून कपाटापुढेच बसलोय.