साखरेविना वाढलेलं यीस्ट

कर्जत,
ता. ९ नोव्हेंबर १९८७

ती. गौराआत्यास शकूचा सप्रेम जयभीम.

तुझा गुडघा आता नीट वळतो ना? आतोबांचा खोकला आणि तुझी ती भांडखोर कोंबडी, दोन्ही ताळ्यावर आली असतील अशी आशा आहे. इकडे सगळी खुशाल, आणि माझं तर विचारूच नकोस!

तुमच्या कुंभिवलीच्या यीस्टच्या कारखान्यात आमचं कॉम्प्युटरचं शिक्षण होतं आणि शेवटी सगळ्यांतून एकालाच नोकरी मिळणार होती, हे तुला ठाऊक आहेच. शिक्षण म्हणजे असं, की यीस्टची एक पेशी (पाव फुगवतं ते यीस्ट; डोळ्यांना दिसत नाही, पण खायला पुढे) साखर किती खाते, त्यातून ताकद किती काढते, वाढते किती, हा तिचा सगळा संसार आपल्या हातांनी कॉम्प्युटरमध्ये मांडायचा. शेजारी काचेच्या भांड्यात खरं यीस्ट वाढत असतं, त्याच्याशी आपलं जुळलं की जिंकलो. खोली थंडगार, चपला बाहेर. (शेलूहून येणाऱ्या पोपट नावाच्या पोराच्या मोज्यांमुळे पहिल्याच दिवशी खिडकी उघडावी लागली. आणि हा म्हणे माझा प्रतिस्पर्धी!)

परीक्षेच्या दिवशी सरांनी प्रत्येकाच्या कॉम्प्युटरमधल्या यीस्टची साखर बंद करायला लावली. बाकीच्यांची यीस्टं मुकाट्याने माना टाकून बसली. माझं मात्र वाढतच राहिलं! जेवणाच्या सुट्टीपर्यंत ते टाकीत मावेना, चहापर्यंत कारखान्यापेक्षा जड झालं. मी कॉलर ताठ केली (साडीला कॉलर नसते, माहीत आहे मला). तेवढ्यात सर मागे येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "शकुंतला, हे खातंय काय?"

आत्या, मी एकेक आकडा पुन्हा तपासायला बसले. शोधलं तर चूक कुणाची निघाली? तुझी! पेशीत ताकद वाहून नेणारे कण असतात, जेवणाच्या डब्यांसारखे. भरून जायचं, कामावर ताकद उतरवायची, रिकामं परत येऊन पुन्हा भरून घ्यायचं. आणि मी लहानपणापासून तुझ्याकडून ऐकलंय काय? "शेजारणीचं भांडं रिकामं नाय द्यायचं गं, चिमूटभर साखर तरी घाल!" तशी मी परतीच्या प्रत्येक डब्यात थोडी थोडी ताकद घालून दिली होती. ती आली कुठून, हे मीही विचारलं नाही आणि यीस्टनेही नाही. पोपट तर हसून हसून जमिनीवर बसला.

मी पदर खोचला, मनातल्या मनात तुझी माफी मागितली आणि सगळे डबे रिकामे परत पाठवले. पुन्हा पहिल्यापासून चालवलं, तशी पडद्यावरची वाढीची हिरवी रेघ चढली, साखर संपली तिथे वळली आणि खऱ्या यीस्टच्या ठिपक्यांवरून अशी सरळ गेली की सरांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. पोपटचं यीस्ट साखर असतानाही उपाशी मेलं. नोकरी मला मिळाली, आत्या, मला! दादा (शेवटी तुझेच भाऊ!) नुसतं "बरं" म्हणाले आणि गुपचूप सगळ्या आळीला पेढे वाटून आले.

कुंभिवलीत मान ताठ करून येणारी,
तुझीच शकू

ता. क. कामाची पाळी सकाळची आहे आणि त्या वेळेला इथून एसटी नाही. दादा म्हणतात, गौराकडे राहणार असशील तरच नोकरी कर. बुद्धजयंतीला तू सगळ्यांदेखत म्हणाली होतीस, "म्हायेरचं मानूस दोन दिसांच्या वर ठेवायची नाय मी आता," ते मला ऐकूच आलं नव्हतं.

आणखी एक. पत्र घेऊन येणाऱ्या पांडूच्या टेंपोत तुझा चकल्यांचा मोठा डबा आहे. रिकामा नाही, माझ्या दोन साड्या आणि टॉवेल आहे त्यात. या खेपेला डबा रिकामाच परत पाठव.